रोग उलटतो तो कां?

गांठ विरघळली, रक्ताचा तपास निर्दोष आला, डॉक्टरांनीं 'आतां स्वस्थपणें घरीं जा' म्हणून सांगितलें, घरीं सत्यनारायणाची पूजा झाली, लांबचे आप्तेष्ट भेटून गेले. आणि दीड-दोन वर्षांनीं तोच रोग पुन्हां उलटला. कर्करोगानें ज्या घरांत एकदां पाऊल टाकलें आहे अशा पुष्कळ कुटुंबांस हा अनुभव नवीन नाहीं. अशा वेळीं माजघरांत जी कुजबुज चालते तीहि आपल्या परिचयाचीच असते. 'पथ्य नीट सांभाळलें नसेल', 'उपासतापास कांहीं सोडले नाहींत', 'मनाला फार लावून घेते, म्हणून असें झालें', असे नाना तर्क निघतात, आणि त्यांपैकीं बहुतेकांचा रोख शेवटीं बिचाऱ्या रोग्याकडेच वळतो. अगोदरच खचलेल्या माणसाच्या माथीं अपराधाचें ओझें चढतें.

वस्तुस्थिति मात्र निराळी आहे. गेल्या साठ-सत्तर वर्षांत ह्या प्रश्नाचा जो शोध लागला त्यावरून असें दिसतें कीं, रोग उलटण्याचें कारण बहुधा रोग्याच्या वागणुकींत नसून रोगाच्याच घडणींत असतें. ती घडण कशी असते व तिच्यावर मात करण्याचे कोणते मार्ग आज सांपडले आहेत, ही हकीकत घरांतील लहानथोरांनीं एकदां समजून घेण्यासारखी आहे.

कर्करोगावरील औषधें जितकीं जुनीं तितकाच हा अनुभवहि जुना आहे. १९४८ सालीं अमेरिकेंतील बोस्टन शहरीं डॉ. सिडने फार्बर ह्यांनीं रक्ताच्या कर्करोगानें मरणोन्मुख झालेल्या १६ मुलांवर अमिनोप्टेरिन नांवाच्या औषधाचा प्रयोग केला. हें औषध लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेंत तयार झालें होतें, आणि तेथील संशोधनाचे प्रमुख डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव हे आपल्याकडील आंध्र प्रांतांतले, भीमवरमचे. त्यांचें नांव आपल्या घरांतून जितकें ऐकूं यावयास हवें तितकें येत नाहीं, ही खेदाची गोष्ट होय. असो. १६ पैकीं १० मुलांस उतार पडला. त्यापूर्वीं ह्या रोगांत औषधानें असा उतार पडल्याचें कोणीं पाहिलें नव्हतें. परंतु तो टिकला नाहीं. कांहीं महिन्यांतच रोग उलटला.

असें कां व्हावें, ह्याचें पहिलें उत्तर क्षयरोगाच्या अनुभवावरून मिळालें. स्ट्रेप्टोमायसिननें क्षयाचे बहुतेक जंतु मरत, परंतु कोट्यवधींत एखादा जंतु असा निघे कीं, त्याच्या घडणींत योगायोगानें फेरफार झाल्यामुळें तें औषध त्यास बाधत नसे. बाकीचे मेले कीं त्याचाच वंश फोफावे. ह्यावर तोड म्हणून दोन-तीन औषधें एकदम देण्याची चाल पडली. कर्करोगाच्या पेशींतहि असाच प्रकार होत असला पाहिजे, असें मानून १९६० नंतर मुलांच्या रक्ताच्या कर्करोगांत हीच युक्ति योजण्यांत आली व तिला अपूर्व यश आलें. मुलांत सर्वांत अधिक आढळणाऱ्या तीव्र लिंफोब्लास्टिक ल्युकेमियांतून पुढारलेल्या देशांत आज दहांपैकीं सुमारें नऊ मुलें बरीं होतात.

तेव्हां हें उत्तर खोटें नव्हे. परंतु तें पुरेंहि नव्हे. कारण कित्येकदां असें दिसून येतें कीं, उलटलेला रोग त्याच जुन्या औषधानें पुन्हां हटतो. पेशींच्या अंगीं औषधास न जुमानण्याचा गुण कायमचा आला असता तर हें कसें घडावें? म्हणजे मागें राहिलेल्या ह्या पेशी औषधास जिंकून राहिल्या नव्हत्या, तर त्याची नजर चुकवून राहिल्या होत्या.

ह्या चुकवेगिरीचें मर्म कळण्यास प्रथम निरोगी शरीराकडे वळलें पाहिजे. आपल्या रक्तांतील तांबड्या पेशी सुमारें १२० दिवस जगतात. आंतड्याचें आंतील अस्तर तर चार-पांच दिवसांतच बदलतें. हा अखंड पुरवठा ज्या पेशी करतात त्या संख्येनें अगदीं थोड्या असून त्यांस मूलपेशी म्हणतात. १९६१ सालीं कॅनडांतील टोरोंटो येथें जेम्स टिल व अर्नेस्ट मॅककुलॉक ह्या दोघांनीं, किरणांनीं ज्यांची अस्थिमज्जा नष्ट केली आहे अशा उंदरांस दुसऱ्या उंदरांची मज्जा टोंचली. दहा-बारा दिवसांनीं त्या उंदरांच्या प्लीहेवर लहान लहान उंचवटे दिसूं लागले. पुढें सिद्ध झालें कीं, असा प्रत्येक उंचवटा एकाच पेशीपासून वाढलेला असून त्यांत रक्तांतील निरनिराळ्या जातींच्या पेशी नांदत होत्या. आपल्यासारखीच दुसरी मूलपेशी निर्माण करणें आणि शिवाय कामकरी पेशींची संतति प्रसवणें, हें दुहेरी सामर्थ्य केवळ मूलपेशीच्या ठिकाणीं असतें.

त्याच टोरोंटो शहरांत १९९४ सालीं जॉन डिक व त्यांचे सहकारी ह्यांनीं तोच प्रश्न कर्करोगास विचारला. तीव्र मायलॉइड ल्युकेमिया झालेल्या रोग्यांच्या पेशी त्यांनीं, ज्यांची रोगप्रतिकारशक्ति जन्मतःच पंगु आहे, अशा उंदरांत घातल्या. सर्वच पेशी सारख्या असत्या तर कोणतीहि पेशी उंदरांत रोग उत्पन्न करूं शकली असती. पण तसें झालें नाहीं. सुमारें अडीच लाख पेशींत एकच पेशी रोगाचें बीज रुजवूं शके. २००३ सालीं मिशिगन विद्यापीठांत मायकेल क्लार्क ह्यांच्या चमूला स्तनाच्या कर्करोगांतहि तोच प्रकार आढळला. विशिष्ट खुणेच्या अवघ्या १०० पेशींनीं उंदरांत गांठ वाढे, आणि ती खूण नसलेल्या हजारों पेशी टोंचल्या तरी वाढत नसे.

ज्यांनीं शेतांतील लव्हाळा खुरपला आहे त्यांस ह्याचा अर्थ विस्तारानें सांगण्याचें कारण नाहीं. वरची हिरवी पात कापली कीं रान स्वच्छ दिसतें. परंतु मातींत हातभर खालीं गांठी शाबूत असतात व पहिल्याच पावसांत पुन्हां कोंब वर येतो. आपण डॉक्टरांच्या हातांतील छायाचित्रांत गांठ किती लहान झाली हें पाहून समाधान मानतों तें पात मोजण्यासारखें आहे.

आतां ह्या मुळांतील पेशी औषधास दाद कां देत नाहींत? त्यांच्या संरक्षणाचीं साधनें अनेक आहेत, परंतु सर्वांत महत्त्वाचें साधन म्हणजे झोंप. कर्करोगावरील बहुतेक जुनीं औषधें व किरणोपचार जी पेशी दुभंगण्याच्या खटपटींत असते तिच्यावर प्रहार करतात. म्हणून तर केंस, तोंडांतील त्वचा व आंतडें ह्या सतत वाढणाऱ्या अवयवांस त्यांचा त्रास होतो. मूलपेशी मात्र बहुतेक काळ निश्चल पडून असते. पूर्वीं रात्रीं चूल आवरतांना घरांतील वडील बाई दोन निखारे राखेंत पुरून ठेवीत. वरून पाहणाऱ्यास चूल विझलेली दिसे, आणि पहांटे त्याच निखाऱ्यांवर विस्तव फुले. औषधाचें वादळ ओसरल्यावर झोंपलेल्या पेशी अशाच जाग्या होतात.

दुसरें साधन म्हणजे त्यांच्या पृष्ठभागावरील पंप. आंत शिरलेलें विष बाहेर फेंकणारें एक प्रथिन १९७६ सालीं सांपडलें, व पुढें त्याच्या जातीचीं इतर प्रथिनेंहि कळलीं. शरीरांतील निरोगी मूलपेशींस हे पंप विषारी द्रव्यांपासून वाचवितात. रोगाच्या मूलपेशींनीं तीच सोय आपल्या कामीं लावली आहे. ह्याशिवाय कांहीं औषधें निकामी करणारीं द्रव्यें त्यांच्याजवळ विपुल असतात, किरणांनीं झालेली मोडतोड त्या चपळाईनें दुरुस्त करतात, आणि अस्थिमज्जेंतील ज्या कोनाड्यांत त्या राहतात तेथील शेजारच्या पेशीहि त्यांस आश्रय देतात.

येथवर वाचून निराश होण्याचें कारण नाहीं. ह्या झगड्याचा सर्वांत उद्बोधक इतिहास दीर्घकालीन मायलॉइड ल्युकेमिया ह्या रक्ताच्या कर्करोगाचा आहे. १९६० सालीं फिलाडेल्फियांतील पीटर नॉवेल व डेव्हिड हंगरफोर्ड ह्यांस ह्या रोग्यांच्या पेशींत एक गुणसूत्र नेहमींपेक्षां आंखूड दिसलें. तें आंखूड कां, हें १९७३ सालीं शिकागोच्या जॅनेट राउली ह्यांनीं दाखविलें. चार मुलांचा संसार सांभाळून ह्या बाई अर्धा वेळ संशोधन करीत; गुणसूत्रांचीं छायाचित्रें कातरून घरच्या जेवणाच्या टेबलावर जुळवीत, आणि आई कागदाच्या बाहुल्या खेळते म्हणून मुलें त्यांची थट्टा करीत. त्यांस आढळलें कीं, नवव्या व बाविसाव्या गुणसूत्रांचे तुकडे आपसांत बदलले गेले आहेत. ह्या अदलाबदलींतून दोन जनुकें एकमेकांस चिकटतात, आणि त्यांच्यापासून होणारें प्रथिन पेशीस अहोरात्र 'वाढ, वाढ' असा हुकूम सोडीत असतें.

त्या प्रथिनाचेंच तोंड बंद करणारी गोळी म्हणजे इमॅटिनिब. निकोलस लायडन ह्यांच्या रसायनशाळेंत ती तयार झाली व ऑरेगन येथील डॉ. ब्रायन ड्रकर ह्यांनीं १९९८ सालीं ती रोग्यांस देण्यास आरंभ केला. २००१ सालच्या पहिल्या अहवालांत, पुरेशी मात्रा मिळालेल्या ५४ रोग्यांपैकीं ५३ जणांच्या रक्तांतील पेशींची संख्या पूर्ववत् झाल्याचें नमूद आहे. ज्या रोगांत पूर्वीं बहुतेकांचें आयुष्य तीन ते पांच वर्षें उरत असे, त्यांत पुढील मोठ्या प्रयोगांतील शेंकडा ८३ रोगी दहा वर्षांनंतरहि हयात होते. आपल्याकडे ह्या गोळीचें नांव एका निराळ्या कारणानें गाजलें. तिच्या एका विशिष्ट रूपाचें पेटंट नाकारण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें १ एप्रिल २०१३ रोजीं कायम केला, आणि देशी कंपन्यांची स्वस्त गोळी बाजारांत राहिली. जी गोळी वर्षानुवर्षें रोज घ्यावयाची, तिच्या किमतीचा हा निकाल कित्येक मध्यम स्थितींतील घरांस जीवनमरणाइतका महत्त्वाचा होता.

परंतु रोज कां घ्यावयाची? येथेंच मूलपेशी आडव्या येतात. ग्लासगो येथील डॉ. टेसा होलिओक व त्यांचे सहकारी ह्यांनीं २००२ सालीं दाखविलें कीं, ह्या रोगाच्या झोंपलेल्या मूलपेशी इमॅटिनिबनें मरत नाहींत. प्रथम कित्येकांस वाटलें कीं औषध त्यांच्या आंत पोंचत नसावें. पण २०११ सालीं खुद्द ड्रकर ह्यांच्याच प्रयोगशाळेनें सिद्ध केलें कीं, औषध आंत पोंचतें, त्या दुष्ट प्रथिनाचें तोंडहि बंद करतें, आणि तरीहि मूलपेशी जगते. कारण तिला जगण्यासाठीं त्या प्रथिनाची गरजच नसते. आपल्याच औषधाची मर्यादा अशी उघड मांडण्यास मनाचा मोठेपणा लागतो.

ह्याच रोगांत औषधास खरोखर जिंकणाऱ्या पेशीहि निघाल्या. २००१ सालींच असें आढळलें कीं, त्या प्रथिनाच्या ३१५ व्या जागेवरील एक दुवा बदलला कीं इमॅटिनिब तेथें बसूंच शकत नाहीं. कुलुपाची ठेवण बदलली कीं जुनी किल्ली फुकट. मग नव्या किल्ल्या घडविल्या गेल्या. त्यांपैकीं पोनॅटिनिब २०१२ सालीं आणि असिमिनिब २०२१ सालीं अमेरिकेंत मान्य झाल्या. म्हणजे रोग उलटण्याचे हे दोन मार्ग निराळे: एक कुलूप बदलून, दुसरा झोंपून. पहिल्यावर किल्ली सांपडते; दुसऱ्यावर अधिक अवघड उपाय योजावा लागतो.

त्या अवघड उपायाचें उत्तम उदाहरण चीन देशांतलें आहे. तीव्र प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया हा रक्तस्रावानें कांहीं दिवसांतच प्राण घेणारा रोग. शांघायच्या डॉ. वांग झेन्यी ह्यांच्या मनांत असें आलें कीं, ह्या पेशींस मारण्याऐवजीं वयांत आणावें. रोगट पेशी म्हणजे पोरवयांतच अडकून पडलेली पेशी. ती प्रौढ झाली कीं आपोआप मरेल. त्यांनीं 'अ' जीवनसत्त्वापासून केलेलें एक आम्ल वापरलें व १९८८ सालीं २४ रोग्यांचा अहवाल प्रसिद्ध केला. परिणाम आश्चर्यकारक होता. परंतु नुसत्या ह्या औषधावर ठेवलेल्या रोग्यांत रोग कांहीं महिन्यांनीं पुन्हां डोकें वर काढी: संतति प्रौढ झाली, मूळ राहिलें.

तें मूळ उपटलें सोमलानें! १९७० नंतरच्या दशकांत हार्बिन शहरीं डॉ. झांग टिंगडोंग ह्यांनीं, पारंपरिक वैद्यकांत असलेल्या ह्या विषाचा शुद्ध द्रव शिरेंतून टोंचून रोगी बरे केले होते. पुढें कळलें कीं, ह्या रोगांत जें विकृत प्रथिन मूलपेशीस तिचें मूलपण देतें त्या प्रथिनासच सोमल पकडतो व नष्ट करवितो; मग त्या पेशीस आपला वंश चालवितांच येत नाहीं. वेल्लोरच्या डॉ. विक्रम मॅथ्यूज व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तर १९९८ पासून केवळ सोमलावरच रोग्यांस उपचार केले, आणि २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या अहवालांत ७२ पैकीं शेंकडा ८६ जणांचा रोग हटल्याचें दाखविलें. २०१३ सालीं युरोपांत जीवनसत्त्व व सोमल ह्यांची जोडी मध्यम व कमी धोक्याच्या रोग्यांत जुन्या विषारी औषधांशीं ताडून पाहिली, तेव्हां दोन वर्षांनंतर शेंकडा ९७ रोगी निर्वेध होते. दुसऱ्या गटांत ८६. येथें एक इशारा देणें भाग आहे. ही गोष्ट वाचून कोणीं घरगुती सोमलाच्या भस्माकडे वळूं नये. इस्पितळांतील शुद्ध द्रव, मोजकी मात्रा व हृदयाच्या ठोक्यांवर रोजची नजर, ह्यांशिवाय तें विष तें विषच.

इतर कर्करोगांत असें भाग्य अजून क्वचितच लाभलें आहे. पंप बंद पाडणारीं औषधें पुष्कळ करून पाहिलीं, पण निरोगी अवयवहि त्याच पंपांवर अवलंबून असल्यामुळें हे प्रयोग फसले. मूलपेशींस चेतविणारे संदेश तोडावे तर आंतड्यांतील चांगल्या मूलपेशींसहि तेच संदेश लागतात. तीव्र मायलॉइड ल्युकेमियांत व्हेनेटोक्लॅक्स व अझासिटिडिन ह्या जोडीनें मूलपेशींचा ऊर्जेचा पुरवठा तुटतो असें दिसतें. २०२० सालच्या प्रयोगांत ही जोडी घेणाऱ्या, बहुतेक वृद्ध, रोग्यांचें मध्यम आयुष्य १४.७ महिने भरलें, केवळ अझासिटिडिन घेणाऱ्यांचें ९.६. हा लाभ खरा आहे, पण तो महिन्यांचा आहे हें लपवूं नये.

शास्त्रज्ञांत ह्याविषयीं वादहि आहेत. २००८ सालीं त्वचेच्या मेलॅनोमा ह्या कर्करोगांत, अधिकच दुबळ्या उंदरांवर प्रयोग केल्यावर, दर चार पेशींपैकीं सुमारें एक पेशी गांठ उत्पन्न करूं शकते असें निघालें. म्हणजे तेथें मूलपेशी मूठभर नव्हेत. शिवाय कांहीं कर्करोगांत सामान्य पेशीहि प्रसंगीं मूलपेशीचें रूप घेते असें आढळलें आहे. आम्हांस वाटतें कीं, लव्हाळ्याची उपमा सर्व कर्करोगांस सारखीच लावणें चूक होईल. रक्ताच्या रोगांत ती चपखल बसते, इतरत्र जपून वापरावी. आणि 'मूलपेशींचे इलाज' म्हणून ज्या जाहिराती हल्लीं जिकडेतिकडे दिसतात त्यांचा ह्या संशोधनाशीं कांहींएक संबंध नाहीं.

आतां घरच्यांच्या मनांतला प्रश्न. गोळी कधीं तरी बंद करतां येईल काय? फ्रान्समध्यें डॉ. माहोन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं, ज्यांच्या रक्तांत सूक्ष्म तपासालाहि रोगाची खूण निदान दोन वर्षें सांपडली नव्हती अशा १०० जणांची इमॅटिनिब गोळी देखरेखीखालीं थांबविली व २०१० सालीं अहवाल दिला. वर्षाअखेर सुमारें शेंकडा ४० जणांत रोग परतला नव्हता. ज्यांच्यांत परतला त्यांपैकीं बहुतेकांच्या बाबतींत तो पहिल्या सहा-सात महिन्यांतच परतला, आणि गोळी पुन्हां सुरू करतांच त्या सर्वांत ती लागू पडली. म्हणूनच गोळी थांबविल्यावर आरंभीं दर महिन्यास रक्त तपासतात. आपल्या मनानें गोळी सोडणें ही मात्र निराळी गोष्ट. लंडनमधील २०१० सालच्या एका पाहणींत, दहांत एकाहून अधिक गोळ्या चुकविणाऱ्यांत रोग खोलवर दबण्याचें प्रमाण फारच कमी आढळलें. तेव्हां सणावाराच्या गडबडींत, प्रवासांत, लग्नघरांत वडील माणसाची गोळी राहून जात नाहीं ना, हें पाहण्याचें काम घरांतील एखाद्या लहान मुलावर सोंपविलें तरी चालेल; पथ्याच्या वादापेक्षां तें अधिक उपयोगाचें ठरेल.

गोळी सोडूनहि जे वर्षानुवर्षें बरे राहिले, त्यांच्यांतील कांहींच्या पेशींत अतिसूक्ष्म तपासानें त्या जुन्या अदलाबदलीची खूण अजूनहि आढळते. म्हणजे निखारे आहेत, पण विस्तव फुलत नाहीं. शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ति, विशेषतः तिच्यांतील एका जातीच्या पांढऱ्या पेशी, त्यांवर पहारा ठेवीत असाव्यात असा तर्क आहे, आणि हा पहारा कांहींच्यांत पक्का व कांहींच्यांत ढिला कां असतो, ह्याचाच शोध आतां चालू आहे.